उन्हाळ्यात वजा साठ, श्रावणात महापूर: कृष्णा, भीमा, गोदावरीच्या पाण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर करमाळा तालुक्यातलं, उजनीच्या फुगवट्याच्या काठचं. सासर सांगलीचं, कृष्णेपासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे होळीपासून मृगापर्यंत माहेरचे लोक विचारतात, "धरणात किती राहिलं?" आणि आषाढ लागला की सासरच्या गल्लीतले विचारतात, "कोयनेतून किती सोडलं?" दोन्हीकडून तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. दुष्काळाचे आणि पुराचे प्रश्न मुद्दाम वेगळे केले नाहीत, कारण खोरं तेच आहे आणि पाणीही तेच.

१. टीएमसी आणि क्युसेक म्हणजे नक्की किती पाणी?

टीएमसी हे साठ्याचं माप आहे. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, अर्थात सुमारे २,८३२ कोटी लिटर. क्युसेक हे वाहत्या पाण्याचं माप: सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. दोन्ही जोडायचे असतील तर एकच आकडा लक्षात ठेवा. ११,५७४ क्युसेकनं पाणी चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी होतं. म्हणजे उजनीच्या वरच्या अंगाला असलेल्या दौंडवरून ५०,००० क्युसेकची आवक आहे असं ऐकलं, तर उजनीत दिवसाला सव्वाचार टीएमसीच्या वर पाणी येतंय. हा हिशेब हाताशी असला की बातमीतला आकडा किती मोठा आहे ते आपलं आपल्याला कळतं.

२. धरणात "वजा ५० टक्के" पाणी कसं असू शकतं? रिकाम्याहून रिकामं काय असतं?

धरण रिकामं नसतं, म्हणूनच आकडा वजा जातो. प्रत्येक धरणात एक पातळी ठरलेली असते. तिच्या वरचं पाणी कालव्यात आपसूक जातं, तो उपयुक्त साठा. खालचा तो मृतसाठा. टक्केवारी मोजतात ती फक्त उपयुक्त साठ्याची. उजनीचं वेगळेपण असं, की तिचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आणि मृतसाठा त्याहून मोठा, ६३.६५ टीएमसी. पाणी शून्य टक्क्यांच्या खाली गेलं की मृतसाठ्यातून जेवढं वापरलं ते "वजा" म्हणून मोजतात. वजा ५० म्हणजे मृतसाठ्यातलं पावणेसत्तावीस टीएमसी संपलं आणि अजून ३७ टीएमसीच्या आसपास शिल्लक आहे.

आकडा पटत नसेल तर इंदापूर तालुक्यात पळसदेवला जाऊन बघा. धरणात गेलेलं तिथलं जुनं हेमाडपंती मंदिर पाणी उतरलं की आधी शिखरानं दिसतं, मग हळूहळू सगळं उघडं पडतं. माझ्या आईला टक्केवारी कधी सांगावी लागली नाही. ती शिखर बघून सांगायची, यंदा मे जड जाणार.

३. आमच्या भागात पावसाचा थेंब नाही, मग उजनी भरली कशी?

उजनी तुमच्या पावसावर भरतच नाही. धरणाच्या आसपास वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्यात एवढा मोठा जलाशय भरणं अशक्य आहे. तिचं पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून येतं. भीमा, इंद्रायणी, पवना, मुळा-मुठा, घोड या नद्यांवरची धरणं आधी भरतात आणि त्यांच्या सांडव्यावरून सुटलेलं पाणी दौंडला येऊन पोचतं. म्हणून सोलापूर जिल्ह्यातला शेतकरी आभाळाकडे बघत नाही, "दौंडला किती?" असं विचारतो. पुण्यात भिडे पूल पाण्याखाली गेला, की ते पाणी एक-दोन दिवसांत उजनीत आलंच म्हणून समजा.

२०२४ चं उदाहरण ताजं आहे. जूनच्या सुरुवातीला उजनी वजा ६० च्या जवळ होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शंभर टक्के. दोन महिन्यांत ८५ टीएमसीच्या आसपास पाणी आलं, आणि तेवढ्या काळात माझ्या माहेरची बाजरी दोनदा सुकायला लागली होती.

४. एकाच जिल्ह्यात एकीकडे पूर आणि दुसरीकडे टँकर, हे कसं?

सह्याद्रीची भिंत मधे आहे म्हणून. अरबी समुद्रावरचे ढग घाट चढताना पाणी सांडतात आणि घाटमाथा ओलांडून पूर्वेला येईपर्यंत हलके होतात. त्या बाजूला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात त्याचा दहावा हिस्साही पडत नाही. सांगली जिल्ह्यात शिराळा आणि जत यांचं तसंच. ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या गल्लीत बोट फिरत होती, तेव्हा जतच्या पूर्व भागात पिण्याचं पाणी टँकरनं जात होतं.

महाबळेश्वरचा दुसरा आकडा आणखी बोलका आहे. २२-२३ जुलै २०२१ ला तिथे चोवीस तासांत ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. जतला वर्षभरात एवढा पडला तर लोक साखर वाटतील.

५. दरवर्षी पूर येतो हे माहीत असताना धरणं आधीच रिकामी का ठेवत नाहीत?

सांगली-कोल्हापुरातून सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा. विचारणाऱ्याचा राग मला समजतो. आमच्या घराच्या चौकटीवर सासऱ्यांनी २००५ च्या पुराची खूण पेन्सिलीनं केली होती. २०१९ चं पाणी ओसरल्यावर दुसरी खूण करायला मला स्टुलावर चढावं लागलं.

तरीही उत्तर सरळ नाही. आपली धरणं मुळात बांधली ती सिंचनासाठी, पिण्यासाठी, आणि कोयनेसारखी वीजनिर्मितीसाठी. १५ ऑक्टोबरपर्यंत ती भरलेली असली तर पुढचे आठ महिने निभतात. कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा याचं वेळापत्रक असतं. जुलैअखेर धरण अर्धं ठेवलं आणि ऑगस्ट कोरडा गेला तर काय होतं ते २०२३ ला दिसलं. देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट तो. २०१८ ला परतीच्या पावसानं पाठ फिरवली आणि ३१ ऑक्टोबरला राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले. पुढच्याच वर्षी सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाठोपाठची ही दोन वर्षं समोर ठेवून जुलैमध्ये निर्णय घ्यायचा असतो.

दुसरी गोष्ट, धरण कितीही रिकामं असलं तरी त्याच्या खालच्या पाणलोटावर त्याचा इलाज नाही. कोयना धरण ते सांगली या पट्ट्यात, ओढ्यानाल्यांत, घाटाच्या खालच्या उतारांवर पडलेला पाऊस थेट नदीत येतो. तो अडवायला दरवाजेच नाहीत.

माझं मत विचाराल तर वाद "रिकामं की भरलेलं" असा घालूच नये. पाऊस येणार हे आता तीन-चार दिवस आधी बऱ्यापैकी कळतं. त्या तीन-चार दिवसांत थोडं थोडं पाणी सोडून जागा केली, तर शेवटी एकदम लाखभर क्युसेक सोडायची वेळ कमी वेळा येते. आणि सोडणार असाल तर ते खालच्या गावाला रात्री दोनला कळू नये. म्हशी सोडायला, मोटारी वर काढायला, म्हातारी माणसं हलवायला उजेड लागतो.

६. उजनीचे दरवाजे बंद आहेत असं सांगतात, तरी पंढरपुरात पाणी कुठून चढलं?

नीरेतून. नीरा नदी नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते आणि हा संगम उजनी धरणाच्या खाली आहे. नीरेवरच्या वीर धरणातून सोडलेलं पाणी उजनीला वळसा घालून थेट चंद्रभागेत येतं. म्हणून पंढरपूरकरांनी दोन आकडे बघायचे: उजनीचा विसर्ग आणि वीरचा विसर्ग. दोन्ही एकदम वाढले की वाळवंटातली पुंडलिकाची समाधी पाण्यात गेलीच.

कोल्हापूरकडचा असाच प्रश्न: पाऊस थांबला, आभाळ उघडलं, तरी पंचगंगा का उतरत नाही? पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच तुंबलेली असेल तर पंचगंगेला पुढे जायला वाट राहत नाही आणि पाणी मागे फुगतं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की शहराची झोप उडते ते खरं, पण पाणी किती दिवस राहणार हे नृसिंहवाडीला ठरतं. वाडीला दत्ताच्या पादुकांवरून पाणी वाहून दक्षिणद्वारातून बाहेर पडलं की लोक स्नानाला गर्दी करतात. शिरोळ तालुक्यातल्या गावांनी त्याच वेळी गोठ्याकडे धावायचं असतं.

७. सांगलीचा पूर अलमट्टीमुळे येतो का?

अलमट्टी हे सांगलीच्या खाली, कृष्णेवरचंच कर्नाटकातलं धरण. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनं २०२० मध्ये निष्कर्ष दिला, की सांगली-कोल्हापूरच्या पुराला अलमट्टीचा फुगवटा कारणीभूत नाही. अनेक पूरग्रस्तांना तो पटलेला नाही. अलमट्टीची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायला कृष्णा पाणीतंटा लवादानं मान्यता दिलेली आहे, महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे आणि वाद संपलेला नाही.

मला एवढंच म्हणायचंय, की सगळं बोट अलमट्टीकडे दाखवलं की आपल्या हद्दीतल्या गोष्टी सुटून जातात: बुजवलेले ओढे, नदीच्या पात्राला भराव घालून बांधलेले पुलांचे रस्ते, पूररेषेच्या आत उभ्या राहिलेल्या वसाहती (प्रश्न १० पाहा). पूर चढत असताना मात्र अलमट्टीतून किती विसर्ग चाललाय हे दोन्ही राज्यांनी रोज एकमेकांना सांगणं अत्यंत गरजेचं आहे, त्यात दुमत नको.

८. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी का सोडतात? आणि दर वर्षी का नाही?

२००५ च्या कायद्यानं महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झालं आणि एका खोऱ्यातल्या धरणांनी टंचाई वाटून घ्यावी हे तत्त्व आलं. त्यानुसार २०१४ मध्ये नियम ठरला: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल, तर वरच्या गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा-निळवंडे वगैरे समूहांतून पाणी सोडायचं. जायकवाडी पुरेशी भरली असेल तर प्रश्नच येत नाही, म्हणून हे दरवर्षी घडत नाही. २०२३ मध्ये साडेआठ टीएमसीच्या आसपास पाणी सोडायचा आदेश निघाला होता.

सोडलेलं सगळं पोचत नाही. कोरड्या पात्रात वाळू आधी पिते, मग काठच्या मोटारी पितात. वरच्या शेतकऱ्याला आपलं पाणी वाया गेल्यासारखं वाटतं, खालच्याला अर्धंच मिळाल्यासारखं. दोघंही खरं बोलतात.

आणि हेच नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, ऑगस्ट २००६ मध्ये असं भरलं, की अडीच लाख क्युसेकच्या आसपास विसर्ग करावा लागला आणि पैठणात पाणी शिरलं.

९. पुराचं वाया जाणारं पाणी दुष्काळी भागात का नेत नाहीत?

नेतात, पण पुराचा वेग आणि आपले पंप यांची गाठ पडत नाही. लातूरच्या रेल्वेनं हे नीट समजतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून, म्हणजे कृष्णेच्या काठावरून, लातूरला पाण्याची रेल्वे गेली. आधी दहा वाघिणींत (म्हणजे टाकीच्या डब्यांत) पाच लाख लिटर, पुढे पन्नास वाघिणींत पंचवीस लाख लिटर. एक टीएमसी पाणी असं न्यायचं तर अकरा हजारांहून जास्त खेपा लागतील. आता पुराकडे बघा. नदीतून एक लाख क्युसेक वाहतं तेव्हा सेकंदाला २८ लाख लिटर पाणी पुढे जातं. पन्नास वाघिणींची अख्खी गाडी एका सेकंदाच्या आत डोळ्यांसमोरून निघून जाते.

ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी उचलून जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे नेलं आहे आणि पुराच्या दिवसांत पंप चालू करून तिकडचे तलाव भरून घेतात. हे मनापासून कौतुकाचं काम आहे. पण पाणी चढवायला वीज लागते, विजेचं बिल येतं, आणि पूर चार-आठ दिवसांत निघून जातो. त्यामुळे खरा फरक पडतो तो तिकडे तलाव किती आहेत आणि ते गाळानं किती भरलेत यानं (प्रश्न १३).

तहानलेल्या त्याच लातूरचं मांजरा धरण त्याच वर्षीच्या परतीच्या पावसात भरलं. रेल्वे सहा महिन्यांमागे आली होती.

१०. आमचं घर निळ्या आणि लाल पूररेषेच्या मधे आहे. म्हणजे शंभर वर्षांत एकदाच पाणी येणार ना?

नाही, हा गैरसमज महागात पडतो. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांत एकदा येईल एवढा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांत एकदा. याचा अर्थ लाल रेषेला टेकणारा पूर कोणत्याही वर्षी यायची शक्यता एक टक्का. तीस वर्षांचं गृहकर्ज घेतलंत तर त्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. तुम्ही रेषांच्या मधे आहात, म्हणजे तुमच्या दारात पाणी त्याहूनही लवकर येऊ शकतं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांवर गेली आणि दोनच वर्षांनी ५६ फुटांवर. घर घेताना बिल्डरनं दाखवलेल्या नकाशावर न थांबता शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीवरची खूण विचारा.

११. सीना नदी तर कायम कोरडी. तिला पूर आला कसा?

सप्टेंबर २०२५ मध्ये करमाळा, माढा, मोहोळ, परंड्याकडच्या लोकांनी जे पाहिलं ते त्यांच्या आजोबांनीही पाहिलेलं नव्हतं. सीनेच्या पाणलोटातच, म्हणजे अहिल्यानगर, धाराशिव, बीडच्या एरवी कोरड्या पट्ट्यात, दिवसचे दिवस मुसळधार पाऊस झाला. अशा नदीचं पात्र वर्षानुवर्षं कोरडं राहिल्यानं लोक त्यात शिरतात, शेती करतात, वेड्या बाभळी माजतात. पाणी आलं की त्याला जागा उरत नाही आणि ते उसात, घरात घुसतं.

पावसाची तऱ्हाही बदलते आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात दिसलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भूभागावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. झडीचा, मुरणारा पाऊस कमी आणि एकदम कोसळणारा जास्त. वर्षाची सरासरी पूर्ण होते, पण पीक मधल्या खंडात जळतं आणि उरलेलं शेवटच्या चार दिवसांत कुजतं.

१२. आमच्या मंडळात ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला नाही, पण नदीच्या पुरानं पीक गेलं. मदत मिळेल का?

चोवीस तासांत ६५ मिलिमीटर ही अट अतिवृष्टीची आहे आणि ती महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर मोजतात. पूर ही स्वतंत्र आपत्ती आहे. नदीचं पाणी शेतात शिरून ३३ टक्क्यांवर नुकसान झालं असेल, तर पाऊस वर कुठेतरी पडला म्हणून तुमचा हक्क जात नाही. पंचनाम्यात "पुराच्या पाण्यामुळे" हे शब्द आलेत का ते सहीआधी वाचा. पाणी शेतात असतानाचे फोटो बांधावरची ओळखीची खूण धरून काढा: विहीर, डीपी, झाड. माती खरडून गेली असेल तर तेही वेगळं लिहून घ्या, कारण पिकाचं नुकसान आणि जमिनीचं नुकसान या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

दुष्काळाची पद्धत निराळी: पावसातला खंड, पिकांची स्थिती, जमिनीतला ओलावा बघून तालुका जाहीर होतो. एकाच हंगामात दोन्ही फटके बसले असतील तर दोन्हींची कागदपत्रं वेगवेगळी ठेवा.

१३. पाणी उतरल्यावर धरणात उघडी पडलेली जमीन कसता येते का? आणि तिथला गाळ नेता येतो का?

तिला गाळपेर जमीन म्हणतात. ती सरकारनं संपादित केलेली असते, त्यामुळे आपल्या आजोबांचा तो गट होता म्हणून नांगर घालता येत नाही. ती एकसाली पद्धतीनं लागवडीला देतात आणि प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य असतं. ज्वारी, हरभरा, कलिंगड छान येतं. पाणी कधीही परत येऊ शकतं हे धरूनच पेरा.

गाळ नेण्यासाठी २०१७ पासून "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजना आहे. छोट्या पाझर तलावांना तिचा फार फायदा होतो. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून, डोक्यावर पाट्या वाहून बांधलेले कितीतरी तलाव आज गाळानं बशीसारखे झालेत. फक्त गाळच काढा. मुरूम लागला की थांबा, नाहीतर तलाव गळायला लागतो.

१४. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे कधी घालायचे, कधी काढायचे?

बर्गे म्हणजे बंधाऱ्यात पाणी अडवायला बसवायच्या फळ्या. पावसाळा सरला की घालायचे आणि पावसाळ्याआधी काढायचे, हा नियम सगळ्यांना पाठ आहे. चुकतं ते तारखेत. २०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोचला. अशा वर्षी "जूनच्या आधी बघू" म्हणणाऱ्या गावाचा बंधारा बर्ग्यांसकट पुरात सापडतो, ओंडके आणि जलपर्णी अडकते, आणि नदी बाजूचा काठ फोडून कुणाचं तरी शेत घेऊन जाते. उलट ऑक्टोबरात बर्गे घालायला पंधरा दिवस उशीर झाला तर वाहून गेलेलं पाणी उन्हाळ्यात डोळ्यांसमोर येतं. घालण्याआधी रबरी पट्ट्या तपासा. एका फटीतून रात्रभर पाणी गेलं तरी सकाळी पातळी वीतभर उतरलेली दिसते.

१५. एवढा पूर आला, मग मार्चमध्ये विहिरी का आटतात?

आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. पाणी धरतो तो त्याच्या वरचा कुजका, मुरमाड थर आणि खडकातल्या भेगा. हा थर फार खोल नसतो. पूर वरून धावत जातो, त्याला मुरायला वेळ मिळत नाही, आणि थर एकदा भरला की पुढचं पाणी वाहूनच जातं. सप्टेंबरात काठोकाठ भरलेली विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते ती याच कारणानं. शेजाऱ्यानं उसासाठी आठशे फूट बोअर घेतली असेल तर आणखी लवकर.

माहेरी आमच्या विहिरीच्या कठड्यावर वडील दर पौर्णिमेला पाण्याची पातळी खडूनं लिहायचे. दिवाळीला किती हात पाणी आहे त्यावरून गहू घ्यायचा की हरभरा ते ठरायचं. पुराच्या वर्षीही त्यांनी आकडा बघूनच हरभरा घेतला होता.